रडायची शिकवणी

पुसदला खोली बघायला गेलो तेव्हा त्या घरात कुणीतरी गेलेलं होतं. निदान मला तरी तसंच वाटलं. ओट्यावर दोन म्हाताऱ्या एकमेकींच्या गळ्यात पडून रडत होत्या, आणि साधंसुधं नाही, सुरात. एकीचा दम संपला की दुसरी तिथूनच उचलायची आणि असं लांबवायची की समोरच्या लिंबावरचे कावळेसुद्धा मान खाली घालून बसले होते. मी बूट काढले, रुमाल काढला, भिंतीला टेकून बसलो आणि जमेल तेवढा चेहरा पाडला. अनोळखी घरातलं मयत. आलो तसं उठून जाणंही बरं दिसत नाही.

एकाएकी दोघी थांबल्या. नळ बंद करावा तशा. त्यातल्या आडव्या बांध्याच्या म्हातारीनं ओढणीनं तोंड पुसलं आणि माझ्याकडे पाहून विचारलं, "कोन पाह्यजे?"

"खोलीसाठी आलो होतो. पण राहू द्या, मी नंतर येतो. कोण गेलं?"

"कुठी गेलं?"

"नाही, म्हणजे... वारलं कोण?"

दोघी एकमेकींकडे बघून अशा हसल्या की दुसरीच्या नाकातली फुली उडून पडते की काय असं वाटलं. "हे बहीन होय माही," मालकीण म्हणाली. "दारव्ह्याकून आली. दिवाळीपासून भेट नाही. तुमी कोर लोकं कोनी मेल्यावरच रडता काय रे?"

कोर म्हणजे बंजारा नसलेले बाकी सगळे. तुम्ही, मी आणि उरलेलं जग. बंजारा बायका बऱ्याच दिवसांनी भेटल्या की आधी गळ्यात पडून गाण्यात रडून घेतात, मग ख्यालीखुशाली, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मी रुमाल खिशात कोंबला. म्हातारीनं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. नाव विचारलं नाही, जात विचारली नाही, नोकरी विचारली नाही. विचारलं काय, तर, "तुले रडता येते काय?"

मी आयुष्यात पुष्कळ मालक पाहिले. मटण शिजवतो का विचारणारे, मित्र आणतो का विचारणारे. हा प्रश्न कुणी केला नव्हता. मी हबकून म्हणालो, "नाही."

"मंग शिकशीन. जिना मांगून हाये."

अशी मला ती खोली मिळाली.

अख्खी कॉलनी तिला याडी म्हणायची. बंजाऱ्यांच्या गोर बोलीत याडी म्हणजे आई. आरशांचा घेरदार घागरा, म्हणजे फेटिया, कोपरापासून खांद्यापर्यंत पांढऱ्या बांगड्यांची बलोटी, आणि पायात पुण्यात असलेल्या तिच्या मुलाचे जुने खेळाचे बूट, त्यातला एक बिनलेसचा. तिच्या आवाजाविषयी मी सांगतो त्यात तिखटमीठ बिलकुल नाही. तिनं खाली सूर लावला की वर माझ्या कुकरची शिट्टी डाळ शिजायच्या आधीच व्हायची. एकदा तिनं गच्चीवरून शेजारणीला हाक मारली तर दिग्रसच्या रस्त्याला लागलेली एसटी मागे फिरून स्टँडवर आली. ड्रायव्हरला वाटलं, कंट्रोलरनं बोलावलं.

आणि धंदा काय, तर रडायची शिकवणी.

बंजाऱ्यांच्या लग्नात नवरी सासरी निघाली की नुसती हुंदके देत नाही. आई, बाप, भाऊ, काकी, एकेकाच्या गळ्यात पडून ती गाणं रडते. त्याला ढावलो म्हणतात. पूर्वी तांड्यावरच्या म्हाताऱ्या पोरींना ते शिकवायच्या. आताच्या नवऱ्या पुण्या-नागपूरहून सुटी घेऊन येतात, त्यांना मेकअपवाली शोधायला वेळ असतो, रडायला नसतो. मग त्यांच्या आया त्यांना हाताला धरून याडीच्या गच्चीवर आणून सोडत. सकाळच्या उन्हात एकीकडे तुरीची डाळ वाळत पडलेली, दुसरीकडे भावी नवऱ्या ओळीनं बसलेल्या, आणि मध्ये याडी, बूट घालून.

एक नर्स पोरगी होती. तिनं सुरुवातच "हू हू" अशी केली.

"बंद कर," याडी म्हणाली. "कुत्र्याच्या शेपटीवर पाय पडला काय? कोनाले रडून राह्यली?"

"बापाला."

"बापानं काय केलं तुह्यासाठी?"

"सगळंच केलं, याडी."

"सगळं गान्यात बसत नाही. एकच सांग."

पोरगी नखं बघत म्हणाली, "मला परीक्षेला सोडायला यायचा, तेव्हा पेपर सुटेपर्यंत गेटसमोर उन्हात उभा राहायचा. बाजूला झाड असलं तरी उन्हातच. मी बाहेर आले की लगेच दिसावा म्हणून." शेवटच्या शब्दाला तिचा आवाज फाटला.

"हं. आता हेच सुरात म्हन. आन मंग भांड त्याच्यासंग."

"भांडू? बापाशी?"

"काहून मले देऊन राह्यला म्हून भांड. भांडल्याबिगर रडनं खाली उतरत नाही. गळ्यातच बसते, मंग मानूस जिंदगीभर खाकरत राह्यते."

मी जिन्यात उभा राहून ऐकत होतो. ही बाई रडायचीसुद्धा तालीम घेते, याचा मला धक्काच बसला. अजून बसतो. ती अजून आहे, अजून पोरींना रडवते.

तिची हिंमत गच्चीपुरती नव्हती. आमच्या गल्लीत तहसीलमधून निवृत्त झालेले एक साहेब होते. त्यांची बायको गेली, आणि हे खुर्चीत बसले ते बसलेच. जेवण समोर ठेवलं तर बघत राहायचे. दाढी वाढून एवढी झाली की पोस्टमन त्यांना बुवा समजून पाया पडला. डॉक्टर झाले, पाहुणे झाले, सगळे "धीर धरा" म्हणून गेले. एके दिवशी दुपारी याडी बूट वाजवत त्यांच्या घरात शिरली, गेलेल्या बाईच्या फोटोसमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि तिनं सुरू केलं. काय सुरू केलं? त्या मेलेल्या बाईला शिव्या! सुरात, मराठी आणि गोर बोलीची मिसळ करून. अगं ए, भाजीत मीठ विसरायचीस ते आमटीत दुप्पट घालायचीस, उसनी नेलेली चाळणी परत नाही केलीस, आणि आता या म्हाताऱ्याला सोडून कुठं उंडारायला गेलीस?

दारात आम्ही शेजारी उभे. साहेबांचा मुलगा तिला बाहेर काढायला धावला. तेवढ्यात खुर्चीतून आवाज आला, "चाळणी... चाळणी तिनंच नेली होती?" आणि साहेब फोटोकडे बघून, आम्ही कधी ऐकला नाही असा आवाज काढून, बायकोशी भांडायला लागले. भांडता भांडता रडले. संध्याकाळी त्यांनी दाढी केली. मुलगा मात्र पुढं वर्षभर याडीला बघून रस्ता बदलायचा.

आता माझ्या दादाचं सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही.

दादा राजूरच्या खाणीवरून कोळशाचा टिपर चालवायचा. घर वणीला, आई, तो आणि मी. त्याची सोयरीक ठरली होती. एकदा टायर बघायला म्हणून तो रहदारीच्या बाजूनं खाली उतरला आणि मागून दुसरी गाडी आली. झालं. पुढं थोड्याच दिवसांत मला बियाण्याच्या कंपनीत नोकरी लागली आणि मी पुसदला आलो. गावोगावी जाऊन आमचं बी किती उगवतं हे सांगणं, म्हणजे बोलणं, हेच माझं काम. पुसदात दादाचं कुणालाच ठाऊक नव्हतं. घरी कोण कोण, असं पहिल्यांदा याडीनंच विचारलं, आणि माझ्या तोंडातून सरळ निघून गेलं, "आई आहे, मोठा भाऊ आहे."

दादा वणीत गेला. पुसदात तो ठणठणीत होता.

आणि नुसता ठणठणीत नाही. राजूरच्या रस्त्याला पावसात फसलेला टिपर त्यानं मागून एका हातानं उचलून कोरड्यावर ठेवला होता, दुसऱ्या हातात बिडी होती म्हणून. कोळशाच्या ढिगाआडून वाघ निघाला तर दादानं काचेतून डोकं काढून त्याला सांगितलं, "बाजूला हो बे, मले अजून एक खेप माराची हाये." वाघ बाजूला झाला. याडीला ही वाघाची गोष्ट फार आवडायची. चुलीपुढं बसून भाकरी थापता थापता म्हणायची, "सांग रे, मंग वाघ काय म्हने?" दर वेळी वाघ थोडा मोठा व्हायचा.

वणीला मी गेलोच नाही. दिवाळीला नाही, संक्रांतीला नाही. आईचा फोन यायचा. आम्ही गॅसच्या सिलिंडरवर बोलायचो, उन्हावर बोलायचो, कापसावर बोलायचो. दादाचं नाव तीही घेत नव्हती, मीही नाही. मग वर्षश्राद्ध जवळ आलं. आई एवढंच म्हणाली, "तू येशीन तं पाटावर बसनारं कोनी राहीन. नाही तं म्या काय करू?" मी म्हणालो, कंपनीची मीटिंग आहे. पुढच्या फोनला आणखी एक मीटिंग काढली. तिच्याजवळ दुसरा मुलगा उरला नव्हता, आणि जो होता तो वणीच्या बसमध्ये चढत नव्हता.

श्राद्धाच्या आदल्या दिवशी मी उमरखेडच्या बाजूची गावं करून दुपारी जेवायला आलो. जिन्याखाली आईच्या चपला.

वर गच्चीवरून याडीचा आवाज येत होता, "...मंग यानं काचेतून डोकं काढलं न् वाघाले म्हने..." मी जिन्यातच गोठलो. म्हणजे आता आई सांगणार, आणि पुसदातला दादा आत्ता, इथं, भर दुपारी मरणार.

वर डोकं काढून पाहिलं. नवऱ्या मुली ओळीनं बसल्या होत्या. मध्ये याडी हातवारे करत होती. आणि तिच्यासमोर माझी आई, कापडी पिशवी मांडीवर घेऊन, तोंडावर हात ठेवून ऐकत होती.

"मंग?" आई म्हणाली.

"मंग काय! वाघ गेला निंगून."

"गेलाच असन," आई म्हणाली. "लहानपनापासूनच तसा. कोनाच्या बापाले भीत नाही." आणि ती हसली. आई! जिचं हसू मी वर्षभर फोनमधूनसुद्धा ऐकलं नव्हतं, ती हसली. तिनं सांगितलंच नव्हतं. तिथं तिचा मुलगा जिवंत होता आणि ती एकेक गोष्ट घास घ्यावी तशी घेत होती. "आन टिपर उचलला ते सांगा ना, बाई. पह्यल्यापासून."

तेवढ्यात तिला मी दिसलो. तिचं हसू तसंच राहिलं, डोळे मात्र पुरते बदलले. माझ्यावरची नजर न काढता ती याडीला म्हणाली, "बाई, यानं सांगतलं नाही वाटते तुमाले. पोरगं गेलं ते माहं. उद्या वर्ष होते."

एका पोरीच्या मोबाइलवर काहीतरी टुणकन वाजलं, तिनं तो ओढणीत दाबला. याडी माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, आता सामान रस्त्यावर.

"वाघाचं खोटं?" ती म्हणाली.

"हो."

"टिपरचंबी?"

"हो."

ती उठली. नर्स पोरीच्या डोक्यावरची ओढणी ओढून घेतली आणि माझ्या डोक्यावर टाकली. मिशीसकट. "बस. या पोरीइच्या लायनीत."

"याडी, अहो, मी पुरुष माणूस..."

"मिशी रडत नाही रे, गळा रडते. बस म्हनलं नं!"

पोरी खुसखुसल्या. मी बसलो, कारण त्या आवाजापुढं वाघ बसला असता. पण कारखान्यातल्या भोंग्यासारखं माझं तोंड चालूच होतं. "पण ढावलो तर घर सोडून जाणारी म्हणते. गेला तो दादा. मी कशाला म्हणू?"

"तो आता कुठी जाते?" याडी म्हणाली. "तो जथी थांबला तथी थांबला. तुले हाये त्याले सोडून निंगाचं. मंग नवरी कोन? तूच. म्हन."

मी सूर लावला. पाण्याच्या टाकीवरची पारवळं उडून थेट पूस धरणावर जाऊन बसली असतील, असा सूर. "दादा रेऽऽ, तू एका हातानं टिपर..."

पाठीत धपाटा बसला. "टिपर खाली ठेव. रडन्यात खोटं चालत नाही. त्यानं काय केलं तुह्यासाठी? एकच सांग."

मी तोंड उघडलं आणि, सांगतो ते खरं माना, आयुष्यात पहिल्यांदा मला काही सुचेना. ओढणीतून सगळं लालसर दिसत होतं. आईची पिशवी, याडीचे बूट. मग माझ्या तोंडून हळूच निघालं, की दादा गाडी चालवताना फोन लावायचा आणि समोर काचेपाशी ठेवून द्यायचा. म्हणायचा, बोल काहीबी, खोटं बोल, पन बोलत राह्य, मले झोप नाही आली पाह्यजे. मग मी वणी ते चंद्रपूर खोटं बोलायचो. तो हसायचा. तो हसला की मला कळायचं, जागा आहे.

"सुरात," याडी म्हणाली. पण धपाटा मारला नाही.

मी ते सुरात म्हटलं. कसं म्हटलं ते विचारू नका. मग तिनं सांगायची वाट न पाहता मी भांडलो. दादा, लहानपणी हात धरून रस्ता ओलांडायला तू शिकवलंस ना रे मला? दोन्हीकडं बघ म्हणून टपली मारायचास ना? मग तू त्या बाजूनं काहून उतरला? तू काहून नाही पाह्यलं? माझी नेहमीची पुस्तकी मराठी कुठल्या कुठं गेली होती. मी ओरडत होतो, की काहून, काहून, आणि गळ्यात वर्षभर बसलेलं काहीतरी सुटून असं बाहेर आलं की मीच घाबरलो. नर्स पोरगी रडत होती. ती गाणं रडत नव्हती, नुसतीच.

माझा दम संपला. सगळे आईकडे बघायला लागले. तिच्या डोळ्यांत टिपूस नव्हता. ती पदर सारखा करून ताठ बसली, आणि तिनं गायला सुरुवात केली. मी पुन्हा हबकलो, कारण ते रडण्याचं गाणं नव्हतं.

"हळद लावा वो सयांनो, लावा हळूच हातानं,
माह्या नवरदेवाचं आंग, पोळलं कोळशाच्या राखेनं..."

हळदीचं गाणं. दादाच्या लग्नासाठी तिनं स्वतः रचून ठेवलेलं, आणि कुणाला म्हणून न दाखवलेलं. हळदीला महिना होता तेव्हा तो गेला होता. ते गाणं तसंच तिच्याजवळ राहून गेलं होतं. भर दुपारी, परक्याच्या गच्चीवर, ती ते खडखडीत आवाजात म्हणत होती. एक कडवं, दुसरं, आत्याची थट्टा, वहिनीला टोमणा, काही सोडलं नाही.

एक पोरगी उठून उभी राहिली. तिचं लग्न पुढच्या आठवड्यात होतं. "याडी, मेलेल्याची हळद गाऊन राह्यल्या ह्या! मी लग्नाची पोरगी इथं बसली आहे. अपशकुन नाही का?"

"तू ज्या घरी जाशीन तथी कोनी मरनारच नाही काय?" याडी म्हणाली. "आयकून ठेव. कामी येईन. आन खाली जाय, माह्या सैपाकघरातून हळद घेऊन ये. वाटीभर. पानी घालून आन."

पोरगी दोन पायऱ्या उतरली, थांबली, माझ्या आईकडे बघत राहिली. मग खाली गेली, आणि हळद घेऊन आली. वाटी तिनं स्वतः धरली.

आईनं दोन्ही हात वाटीत बुडवले. दादा नव्हता. मी होतो. तिनं माझ्या डोक्यावरची ओढणी मागे सारली आणि कपाळ, गाल, मिशी, मान, कानामागं, सगळीकडं हळद लावली, गाणं चालूच. याडी तिच्या मागं येऊन उभी राहिली आणि शब्द माहीत नसताना नुसता सूर धरला. गाणं संपलं तेव्हा आई हात तसेच धरून बसून राहिली. मग तिनं एक श्वास सोडला, आणि तिच्यातून जो आवाज निघाला त्याला मी काही म्हणू शकत नाही. याडीनं तिला मागून कवेत घेतलं. त्या किती वेळ तशा होत्या मला ठाऊक नाही. मी कुणाच्याही अंगाला हात न लावता बाजूला बसून होतो, आणि डाळीवर ऊन सरकत होतं.

मग आई उठली. "चाल," मला म्हणाली. "उद्या पंधरा मानसं जेवाले येतीन. वांगे कोन कापन?"

मी तोंड धुवायला निघालो तर याडी ओरडली, "धुवाचं नाही! हळद आपनहून उतरते."

असा मी, पिवळाजर्द, भावाच्या श्राद्धाला निघालो. यवतमाळला गाडी बदलली. वणीच्या गाडीत समोरच्या सीटवरचा टोपीवाला माणूस वळून माझ्याकडे बघून खूश झाला. "काय नवरदेव! एकटेच? वऱ्हाड कुठी हाये?"

माझं तोंड उघडलं. अशा प्रश्नाला माझ्याकडे एकाला बारा उत्तरं असतात. एकही निघालं नाही.

"याची नोहे," आई म्हणाली. "मोठ्याची हळद होय."

"वा वा! लगन कधी हाये मंग?"

"लगन राह्यलं," आई म्हणाली. "हळद तेवढी झाली."

आईनं खिडकीची काच सरकवली आणि बोटांना लागलेली हळद वाऱ्यावर वाळवत बसली.